विहिरीतली साक्ष



मे १९७० मध्ये भिवंडीत दंगल झाली. तिच्यानंतर हिंदी लेखक भीष्म साहनी तेथे गेले. जळालेल्या वस्तीतून हिंडताना त्यांना १९४७ च्या मार्चमधील रावळपिंडी, त्यांचे जन्मगाव, आठवले. आणि दिल्लीस परतल्यावर त्यांनी ‘तमस’ लिहावयास घेतली. १९८४ साली दिल्लीत शिखांची कत्तल झाली. मदतकार्य करणाऱ्या उर्वशी बुटालियांच्या कानी वृद्धांचे बोलणे पडले की, ही तर फाळणीच पुन्हा आली. मग त्यांनी वर्षानुवर्षे फाळणीग्रस्तांच्या हकिकती ऐकल्या; त्यांचे पुस्तक १९९८ मध्ये निघाले. जुन्या जखमेला वाचा फुटली ती नव्या जखमेमुळे! ही वाचा खरी कशी राखावी, एवढाच आमचा आजचा विषय.

रावळपिंडी जिल्ह्यातील थोहा खालसा हे गाव घ्या. मार्च १९४७ मध्ये गावावर हल्ला झाला, तेव्हा अनेक शीख स्त्रियांनी मुलांसह विहिरीत उड्या घेतल्या. मागे उरलेल्यांनी ही गोष्ट हौतात्म्य म्हणून सांगितली. पण उडी घेऊनही वाचलेली एक बाई बुटालियांना भेटली. विहीर प्रेतांनी इतकी भरली होती की बुडावयास पाणी पुरले नाही, असे तिने सांगितले. एवढ्याने हौतात्म्याचा डौल उतरतो आणि आपण विचारू लागतो: त्या उडीत स्वतःची इच्छा किती जणींची होती? ज्यांना विचारावे, त्या तर तळाशी! म्हणून तोंडी इतिहास टिपणाऱ्याने कोण बोलतो आहे, याबरोबर कोण गप्प आहे, हेही टिपले पाहिजे.

जेथे साक्षीदार नाही, तेथे कलेचे काम सुरू होते. मरण देखणे करण्याचा मोह मात्र कलेने टाळावा. ‘तमस’मध्येही ती विहीर आहे, पण कादंबरी सुरू होते ती पैसे देऊन मारविलेल्या एका डुकरापासून. दंगल आभाळातून पडत नाही, ती कोणी तरी घडवितो, हे साहनी तेथेच सांगून टाकतात. १९८८ मध्ये गोविंद निहलानींची ‘तमस’ मालिका दूरदर्शनवर आली, तेव्हा अशाने द्वेष भडकेल म्हणून ती थांबवावी, अशी मागणी न्यायालयात झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि मागणी फेटाळली. सर्वोच्च न्यायालयानेही तोच कौल दिला. आम्हांस वाटते, द्वेष भडकतो तो अर्धवट सांगितलेल्या स्मृतीने. आपलेच दुःख सांगून शेजाऱ्याचे गाळलेल्या स्मृतीने.

कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित उतरले, त्यांचे पुढे उल्हासनगर झाले. तेव्हाची दहा वर्षांची मुले आज नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्याकडे जा, घाई न करता ऐका. मात्र जाण्याची घाई करा.