जुना टेप दुरुस्त करताना

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढले की माळ्यावरून काय काय खाली येते. फुटका कंदील येतो, पितळी समई येते, पोरांच्या जुन्या पाट्या येतात. आणि पुष्कळांच्या घरी त्यांत एक टू-इन-वन टेपरेकॉर्डर असतो. वर धरायला मूठ, दोन्ही अंगांना जाळीमागे स्पीकर, मधे कॅसेटचे झाकण आणि वर रेडिओचे स्टेशन लावायची पट्टी. परदेशात याला 'बूमबॉक्स' म्हणतात. आपल्याकडे नुसते 'टेप' म्हटले की पुरते. कुणाच्या घरी तो मुंबईच्या गिरणीच्या पगारातून आलेला असतो, कुणाच्या घरी विटा-आटपाडीकडून गलाईच्या धंद्याला परमुलखी गेलेल्या माणसाने आणलेला. आता तो बोलत नाही. दारात भंगारवाला उभा असतो, आणि वजनावर तो जातो.

तो देण्यापूर्वी थोडे थांबा, एवढेच सांगायला मी आज आलो आहे. यंत्र जुने झाले म्हणून हळहळावे, असा माझा हट्ट नाही. पण त्याच माळ्यावर, बहुधा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, पाचपंचवीस कॅसेटी असतात. त्यांतल्या गाण्याच्या कॅसेटींची चिंता नको, ती गाणी दुसरीकडे मिळतील. पण एखादीवर नुसते 'आई' असे लिहिलेले असते, एखादीवर 'सप्ता', एखादीवर काहीच नसते. तिच्यात काय आहे हे त्या टेपलाच ठाऊक.

फिलिप्स कंपनीने ही छोटी कॅसेट १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. योग असा, की सांगलीचे आकाशवाणी केंद्रही त्याच वर्षी सुरू झाले. तोवर खेड्याला रेडिओ माहीत होता. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने १५० गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे चालविली, तेव्हा माणसे एका सेटभोवती बसून ऐकत आणि चर्चा करीत. पण रेडिओ बोलणार आणि आपण ऐकणार, असा तो व्यवहार. टू-इन-वनच्या पोटात मात्र मायक्रोफोन होता. लाल बटण दाबले की पहिल्यांदाच गावच्या माणसाला आपला आवाज स्वतः साठवता आला. कुणी जात्यावरच्या ओव्या भरल्या, कुणी भजनी मंडळ, कुणी म्हाताऱ्याला बोलते केले.

आपल्या भागापुरते बोलायचे तर याला फार मोल आहे. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार ज्या सातारा जिल्ह्यात चालले, त्यातच आजचा सांगली जिल्हा होता. १९४९ साली तो 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्या चळवळीत भाकरी पोचविणाऱ्या, निरोप नेणाऱ्या बायाबापड्यांची नावे पुस्तकांत थोडी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या हातांचेही तसेच. यांपैकी कुणाचे बोलणे एखाद्या नातवाने ऐंशी-नव्वदच्या दशकात टेपवर भरले असेल, तर तो दस्तऐवज आहे, आणि त्याची दुसरी प्रत नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. काही त्या बायकांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या, म्हणून आज ऐकता येतात. तुमच्या माळ्यावरची ओवी कुठल्या संग्रहात गेलेली नाही.

तेव्हा टेप दुरुस्त करायचा तो यासाठी. आणि म्हणून पहिले काम टेपचे नाही, कॅसेटीचे आहे. कॅसेटच्या पाठच्या कडेला, दोन्ही टोकांना, प्लास्टिकचे दोन लहान चौकोनी दात असतात. बारीक स्क्रूड्रायव्हरने ते मोडून टाका. दात नसले की रेकॉर्डचे बटण खाली जात नाही. दुरुस्तीच्या गडबडीत चुकून लाल बटण दाबले जाते आणि आजीच्या आवाजावर आपलेच 'हॅलो, हॅलो' उमटते. मग कोणताही मेकॅनिक तो आवाज परत आणू शकत नाही. शिवाय चांगली कॅसेट पहिल्या दिवशी टेपमध्ये घालूच नका. यंत्र टेप खाते की नाही, हे पाहायला सिनेमाच्या गाण्यांची एखादी टाकाऊ कॅसेट घ्या.

आता यंत्राकडे वळू. प्रथम सेलचा कप्पा उघडा. जुने सेल आतच राहिले असतील तर पांढरा-हिरवा थर चढलेला दिसेल. कुणी म्हणेल लिंबू लावा. पण आपल्याकडचे स्वस्त, साधे सेल जस्त-कार्बनचे. त्यांचे पाणी आम्लधर्मी असते. त्याला खायच्या सोड्याची पेस्ट लावायची. लिंबू किंवा व्हिनेगर लागते ते महागड्या अल्कलाइन सेलच्या गळतीला. मग ओल्या फडक्याने पुसून, कोरडे करून, पत्रा पॉलिश पेपरने घासला की झाले.

विजेच्या वायरबद्दल मात्र ताकीद देतो. शिक्षकबंधूंनी वर्गात मुलांसमोर हे काम करायचे ठरविले, तर ते सेलवरच करावे. सहा सेल म्हणजे ९ व्होल्ट, त्याने कुणाला धक्का बसत नाही. झाकण उघडे असताना वायर भिंतीच्या प्लगात असता कामा नये. घरी विजेवर पहिल्यांदा लावायचे असेल तेव्हा रेडिओ दुरुस्त करणारे वापरतात तो सिरीज बोर्ड वापरा. म्हणजे एक जुना तारेचा बल्ब मधे जोडलेला. बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. एलईडी बल्ब या कामी उपयोगाचा नाही. आणि लाकडी पेटीचा, काचेच्या नळ्यांचा जुना वाल्व्ह सेट असेल तर त्याला हात लावू नका. त्यात शेकडो व्होल्ट खेळत असतात, आणि वायर काढल्यावरही कंडेन्सरमध्ये थोडा वेळ राहतात.

पाठचे स्क्रू काढताना प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढून ठेवा. स्क्रू इडलीच्या साच्यात, एकेका खळग्यात एकेका जागेचे. घरच्या मंडळींना आधी विचारून, बरं का!

उघडल्यावर शंभरात नव्वदांना एकच दुखणे दिसेल: पट्टा. मोटरपासून चाकांपर्यंत रबराचे बारीक पट्टे असतात. वर्षानुवर्षे पडून ते एक तर ढिले पडतात, नाही तर वितळून डांबरासारखे चिकट होतात. तो काळा चिकटा नखाने खरवडू नका. कापूस गुंडाळलेली काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून चाकाच्या खाचेतून तो पुसून काढा. काम किचकट आहे, एक अख्खी दुपार जाईल. मग ज्या वाटेने पट्टा फिरतो त्या वाटेने दोरा फिरवून लांबी मोजा आणि त्याहून शेकडा पाचने आखूड पट्टा आणा. फार ताणलेला पट्टा मोटरला ओझे होतो, ढिला असला तर आवाज लडखडतो.

त्याच काडीने हेड पुसा. हेड म्हणजे टेप जिला घासून जाते ती चकचकीत धातूची ठोकळी. तिच्यावर तपकिरी गंज साचलेला दिसतो. तो टेपवरचाच लोहाचा थर असतो. शेजारची पोलादी दांडीही पुसा. तिला चिकटणारा रबरी रूळ मात्र साबणाच्या पाण्याने पुसावा, अल्कोहोलने रबर सुकते. आवाजाचे बटण फिरवताना खरखर येत असेल तर काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून ते वीसएक वेळा इकडून तिकडे फिरवा. स्पीकरमधून सारखी घूं घूं ऐकू येत असेल तर कंडेन्सर सुकले असण्याचा संभव. तेथे डाग देता येणारा माणूस गाठावा. गावात असे जुने हात अजून सापडतात, आणि त्यांना असे काम आणून दिले तर ते खूश होतात.

गाणे वाजू लागले, पण सूर खाली-वर वाटतो? कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या गतीने सरकली पाहिजे. हे कसे मोजणार? विकतच्या कॅसेटच्या कागदावर गाण्याची लांबी छापलेली असेल तर घड्याळ लावून पाहा. किंवा तेच गाणे मोबाइलवर लावून दोन्ही एकदम सुरू करा. पुष्कळ मोटरींच्या पाठीला बारीक भोक असते. आतला स्क्रू अगदी केसभर फिरवला की गती बदलते. आवाज घुमट्या, दाराआडून यावा तसा येत असेल, तर हेडच्या बाजूचा स्प्रिंगवरचा स्क्रू पाव फेरा फिरवून 'स' आणि 'श' स्वच्छ ऐकू येतात का ते पाहावे. एका यंत्रावर भरलेली कॅसेट दुसऱ्यावर लावताना हे हटकून करावे लागते.

रेडिओचा भाग बहुधा शाबूत असतो. मिडियम वेव्हचे स्टेशन लावताना मोबाइलचा चार्जर दूर ठेवा आणि सेट जागच्या जागी फिरवून पाहा. आतली काळी कांडी हाच त्याचा एरियल असतो.

आता रंग. लोक सुरुवातच येथून करतात, कारण रंग डोळ्यांना दिसतो. पण मिरजेच्या तंतुवाद्य कारागिराकडे जुना तंबोरा दुरुस्तीला न्या आणि पाहा. तो आधी तार छेडून ऐकतो, घोडी पाहतो, जवारी लावतो. पॉलिशचा विचार मागाहून. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते काही चकाकीसाठी नव्हे.

माझे मत विचाराल तर निम्म्या टेपांना रंग लावूच नये. कोमट पाणी, साबण आणि जुना दात घासायचा ब्रश, एवढ्याने मूळ रंग वर येतो. पेट्रोल किंवा थिनर अजिबात नको, काही प्लास्टिके त्यात विरघळतात. बटणांवरची छापील अक्षरे अल्कोहोलने पुसली जातात, म्हणून तेथे नुसते ओले फडके. आणि पाठीवर नेलपॉलिशने किंवा कोरून घातलेले नाव असेल, भांड्यावर घालतात तसे, तर ते तसेच राहू द्या.

पेटी फारच खरचटली असेल, किंवा चीर सांधून लांबी भरली असेल, तर रंगवा. पण आतले सारे काढून, रिकाम्या पेटीला. रंगाचा धुरळा हेडवर आणि मोटरीत बसला की आधीचे सारे काम वाया. ६०० नंबरच्या आणि मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासा, धुवा, पुरते वाळवा. प्लास्टिकला चालणारा प्रायमर मारा. पट्टीवरचे आकडे आणि कंपनीचे नाव कागदी टेपने झाका. स्प्रेचा डबा चांगला हलवून, वीतभर अंतरावरून, हात सतत चालता ठेवून पातळ हात द्या. दोन हातांमध्ये दहापंधरा मिनिटे. एकदम जाड मारला तर ओघळ येणार. कृष्णाकाठच्या आषाढ-श्रावणात हे काम करू नका. दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते. उघड्यावर, पण सावलीत मारा, तोंडाला फडके बांधा. आणि पेटी दोन दिवस तशीच ठेवा. बोटाला लागत नाही म्हणजे आतून वाळला, असे नाही.

पुराविषयी सांगायला हवे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, त्याआधी २००५ मध्ये आणि नंतर २०२१ मध्येही पाणी घरांत शिरले. भिजलेला टेप चालू करून पाहण्याचा मोह आवरा. उघडून स्वच्छ पाण्याने गाळ धुवा, पंख्याखाली कित्येक दिवस वाळवा. कॅसेट भिजली असेल तर तीही फेकू नका. आतली फीत पॉलिएस्टरची असते, पाण्याने ती लगेच मरत नाही. गाळ धुऊन सावलीत वाळवावी. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवली तर वळते. कवच तडकले असेल तर दुसऱ्या, स्क्रूच्या कॅसेटचे कवच घेऊन फिरक्या त्यात बसवता येतात.

यंत्र नीट झाले, टाकाऊ कॅसेट दोनचारदा बिनतक्रार वाजली, की मग आईची कॅसेट काढा. आधी पेन्सिल घालून फीत हलकेच ताणून घ्या. एकदा पुढे, एकदा मागे पूर्ण गुंडाळा. मग हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकात भरा. आवाज मध्यम ठेवा, फार मोठा ठेवला तर फाटतो. पहिल्याच फेरीत भरून घ्या. जुनी फीत दुसऱ्यांदा तितकी चांगली वाजेल याची खात्री कुणी देऊ नये.

शिक्षकांना एक विनंती. आठवी-नववीच्या मुलांना घरोघर विचारायला सांगा: कुणाकडे अशी कॅसेट आहे? एक वही करा. बोलणारे कोण, गाव कोणते, साल अंदाजे कोणते, कुणी भरले. हे सांगणारी माणसे आज आहेत, म्हणून ही वही आधी आणि यंत्र मागाहून, असे झाले तरी चालेल. आवाज ज्याच्या घरचा, त्याला विचारल्याशिवाय तो मोबाइलवरून गावभर पाठवू नये. आणि प्रत झाली म्हणून मूळ कॅसेट टाकू नका. पूर्ण गुंडाळून, डबीत घालून, उभी ठेवा. उन्हापासून दूर, आणि स्पीकरपासूनही दूर, त्यात लोहचुंबक असते.