डोळे पाहतात, ठरवतो मेंदू
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी विज्ञानाचा पदवीधर नाही. माझा विषय मराठी. मग मेंदूविषयी बोलण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला, असे आपण विचाराल. तो माझ्याच एका चुकीने दिला. ती चूक पुढे सांगतो. आधी आपण सोलापूरच्या एस.टी. स्टँडवर जाऊ.

दिवेलागणीची वेळ आहे, गर्दी आहे. लांबून एक गाडी येते. पाटीवर 'अ' आणि त्यापुढे 'क' सारखे काहीतरी दिसते. गाडी अक्कलकोटची की अकलूजची? दोन्ही गावे आपल्याच जिल्ह्यातली, पण दोन टोकांना. चुकीच्या गाडीत बसलात तर रात्र वाया. आपण डोळे बारीक करता. जोडाक्षर आहे का? नाव लांब आहे का? शेवटी 'ट' दिसतो का? एकेक खूण जमत जाते आणि कोठेतरी मन म्हणते, "अक्कलकोट!" पाय आपोआप चालू लागतात. डोळ्यांनी फक्त उजेड-अंधार आत पाठविला. निवाडा दुसऱ्याच कोणी तरी केला.

ही गोष्ट हजार वर्षांपूर्वी एका विद्वानाने ओळखली होती. बसऱ्यास जन्मलेला आणि पुढे कैरोत राहून काम केलेला इब्न अल-हैसम. आपल्या 'किताब-उल्-मनाझिर' या ग्रंथात तो म्हणतो, की पाहण्यात तुलना आणि अनुमान असते. पण ते इतक्या झटकन होते की आपल्या ध्यानात येत नाही. उदाहरण त्याने अक्षरांचेच दिले आहे. शिकलेला माणूस 'अबजद' हा शब्द पाहताच ओळखतो, एकेक अक्षर तपासत बसत नाही. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याच विचाराला पोचला तो एकोणिसाव्या शतकात.

पण निवाडा करणारा मेंदू कवटीच्या आत. तो काम करताना पाहणार कसा? आपल्यापैकी काहींनी रुग्णालयातले एम.आर.आय. यंत्र पाहिले असेल. मोठ्या बोगद्यासारखा लोहचुंबक. मेंदूचा जो भाग राबतो तिकडे ताजे रक्त जास्त धावते. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूने भरलेले असले की चुंबकाजवळ एका रीतीने वागते, प्राणवायू देऊन रिकामे झाले की दुसऱ्या रीतीने. सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने अमेरिकेत १९९० साली हा फरक उंदरांच्या मेंदूत दाखविला आणि १९९२ पासून माणसांच्या मेंदूचे तसे चित्रण सुरू झाले. सुई नाही, शस्त्रक्रिया नाही. मात्र रक्त उशिरा पोचते. निर्णय एका सेकंदात होऊन जातो, रक्ताचा भर त्यानंतर पाच-सहा सेकंदांनी दिसतो. घंटा झाल्यावर वर्गात येणाऱ्या मुलांप्रमाणे! म्हणून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून हिशेब मांडावा लागतो.

२००४ साली अमेरिकेत हीकेरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्रात झोपलेल्या माणसांना चित्रे दाखविली. कधी चेहरा, कधी घर. काही स्वच्छ, काही मुद्दाम धुरकट केलेली. चेहरा पाहून जागा होणारा भाग मेंदूत वेगळा, घर पाहून जागा होणारा वेगळा. त्यांना असे आढळले, की कपाळामागे डाव्या बाजूस एक तिसरा भाग आहे आणि त्याची हालचाल या दोघांच्या साक्षीत किती अंतर आहे त्यानुसार कमीजास्त होते. जणू दोन्ही पारडी पाहणारा तराजूचा काटाच. चित्र धुरकट असेल तर पुरावा हळू जमतो आणि उत्तर उशिरा येते.

आता माझी चूक. आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. 'घ' आला की 'ध' का 'घ' म्हणून अडायचा. मी बोटे मोडत "एक, दोन, तीन" म्हणे आणि पुढच्या मुलाला उठवी. मला वाटे, याने त्याला वेग येईल. तो अधिकच चुकू लागला, मग त्याने हात वर करणेच सोडले. मी त्याला मनात 'मठ्ठ' ठरवून टाकले होते. पुष्कळ दिवसांनी मी २००८ सालच्या एका प्रयोगाविषयी वाचले. त्यात माणसांना कधी "अचूक सांगा" तर कधी "लवकर सांगा" असे बजावले होते. लवकर म्हटले की मेंदूच्या खोल भागातील काही केंद्रे आधीच सज्ज होत आणि निर्णयाचा उंबरठा खाली येई. म्हणजे कमी पुराव्यावर उत्तर बाहेर पडे. माझे "एक, दोन, तीन" त्या मुलाचा उंबरठाच खाली ओढत होते. तो पुरावा गोळा करीत होता, आणि मी तो करू देत नव्हतो.

पालक विचारतात, मग हे यंत्र मनातले चोरही पकडेल काय? नाही. रंगीत डाग म्हणजे विचार नव्हे. मेंदूच्या लहरी तपासून गुन्हा शोधण्याचे प्रकार आपल्या महाराष्ट्रातही झाले. पण माणसाच्या संमतीवाचून अशी चाचणी करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी ठरविले. योग्यच झाले.

मला स्वतःला सर्वांत मोलाचा वाटतो तो लखनौजवळचा प्रयोग. तिथल्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना, त्यांत बहुतेक स्त्रियाच, सहा महिने देवनागरी वाचायला शिकविले. वय सरासरी तिशीचे. शिकविलेले २१ जण, तुलनेसाठी न शिकविलेले ९. आधी आणि नंतर मेंदूचे चित्रण झाले. २०१७ साली निष्कर्ष छापून आले. फरक केवळ मेंदूच्या वरच्या थरात नव्हता. डोळ्यांकडून येणारी माहिती जिथे चाळली जाते, त्या खोलवरच्या जुन्या भागांचा पाहण्याच्या केंद्राशी मेळ वाढला होता, आणि ज्यांचा मेळ अधिक, त्यांचे वाचनही अधिक चांगले. न शिकलेल्यांत तसे काही झाले नाही.

एका विद्यार्थिनीच्या आईने प्रगतिपुस्तकावर अंगठा उठवताना मला सांगितले होते, सर, आता या वयात काय डोक्यात शिरणार? वय पस्तीसच्या आसपास. मी तिला लखनौची हकीकत सांगितली. त्यानंतर ती रात्री भाकऱ्या आटोपल्या की मुलीजवळ पाटी घेऊन बसू लागली. परवा भेटली तेव्हा म्हणाली, अक्कलकोटची पाटी आता लांबूनच ओळखू येते. अकलूजची अजून मुलगीच वाचून दाखवते.