दिवाळीची नानकटाई, पण वड्या पाडून

वर्ध्याचा माणूस सुट्टीवरून पुण्याला परतला की ऑफिसात पहिला प्रश्न ठरलेला: गोरसपाक आणला का? गोरस भांडारचं ते गाईच्या तुपातलं बिस्कीट. त्याच चवीवर वाढलेली माझी आई दिवाळीत घरी नानकटाई करायची. दोन वर्षांपासून तिची बोटं आखडतात. गोळे वळणं बंद, म्हणून नानकटाईही बंद.

यंदा घरी गेलो आणि कोडमधली अडणारी पायरी उडवतो तसे गोळेच उडवले. 1 वाटी थिजलेलं साजूक तूप, 1 वाटी पिठीसाखर, पांढरं होईस्तोवर फेटलं. मग 2 वाट्या मैदा, वेलची, चिमूटभर मीठ. पाणी नाही, दूध नाही. ट्रेमध्ये बोटभर जाड थापून 160 अंशांवर 25 मिनिटं.

पहिली खेप गार झाल्यावर कापली. नुसता भुगा! (चहासोबत संपला म्हणा.) सुरी गरम असतानाच फिरवायची, वड्या मात्र पूर्ण गार झाल्यावरच उचलायच्या.

दुसरी खेप आईने तळहाताने थापली. म्हणाली, "इतकं सोपं होतं तर आधी काऊन नाही सांगितलं रे?" आणि शेजारच्या काकूंसाठी डबा शोधायला लागली.