चौकाच्या कडेला राबणारी माणसे

वारली चित्र म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तारपा नाच उभा राहतो. मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती हात गुंफलेल्या माणसांचे वेटोळे. हॉटेलाच्या भिंतीवर, कुर्त्याच्या काठावर, रेल्वेच्या फलाटावर तेच वेटोळे असते आणि त्याबद्दल लिहिताना समीक्षकांच्या लेखणीतूनही 'निसर्गाशी एकरूप, आनंदी जीवन' हे शब्द आपोआप उतरतात. माझे म्हणणे असे की ही मुळात कष्टांची चित्रे आहेत. त्यांतला संघर्ष आपल्या नजरेतून सुटला, कारण आपण आकृत्यांचा अभ्यास केला आणि त्या आकृत्यांच्या पोटापाण्याचा केला नाही.

पुरावा लग्नाच्या चौकापासूनच सुरू होतो. कुडाची भिंत शेणाने सारवून, गेरूने रंगवून त्यावर तांदळाच्या पिठाने सवासिनी चौक लिहितात. मधे पालघट देवी असते आणि लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी झाल्याशिवाय लग्न पुरे होत नाही. आता वारल्यांच्या डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात १९४५ पूर्वी लग्नाचा अर्थ काय होता ते पाहा. लग्नासाठी जमीनदाराकडून उचल घ्यायची आणि तिच्या फेडीसाठी नवराबायकोने त्याच्याकडे वर्षानुवर्षे राबायचे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये या वेठीचे वर्णन केले आहे. त्या पडल्या कम्युनिस्ट, म्हणून त्यांची साक्ष कोणाला एकतर्फी वाटेल. पण सिमिंग्टन नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने १९३०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारला दिलेल्या अहवालातही याहून फारसे वेगळे सांगितलेले नाही. ज्या तांदळाने चौक पांढरा व्हायचा, त्याच तांदळाचा मोठा वाटा खंड म्हणून जमीनदाराच्या कोठारात जायचा. चौकाकडे पाहताना हा हिशेब बाजूला ठेवला, तर उरते ती नक्षी.

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो रास्तही आहे. चौक ही पूजा आहे. तिच्यावर कर्ज आणि खंड लादणे म्हणजे शहरी अभ्यासकाने आपले अर्थशास्त्र देवीच्या माथी मारणे नव्हे काय? देवी कर्जाचे प्रतीक आहे, असे मी म्हणत नाही. देवी देवीच आहे. पण चौकटीच्या बाहेर नजर टाका. ताडावर चढणारा माणूस, शिकारी, कांडण करणाऱ्या बाया, पाणी आणणाऱ्या पोरी, गुरे. ही मंडळी विधीला अनिवार्य नाहीत, तरी लिहिणाऱ्या बायांनी त्यांना देवीच्या शेजारी जागा दिली. रोजच्या कामाचे हे महत्त्व त्यांनीच ठरवले, कोणा अभ्यासकाने नव्हे. आणि १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून या पाड्यांवर कागद पोचला, चित्र विधीपासून मोकळे झाले, तेव्हा वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी काय काढले? जाळे, लावणी, मळणी, मुंग्यांची रांग. विधीचे बंधन सुटताच हात कामाकडे वळला.

दुसरा आक्षेप चित्रभाषेचा. या माणसांना चेहरा नाही, डोळे नाहीत. मग दुःख दिसणार कुठे? मला वाटते, इथे आपण तैलचित्रांच्या सवयीने पाहतो. वारली माणूस म्हणजे टोकाशी टोक जुळलेले दोन त्रिकोण. जिथे टोके जुळतात ती कंबर, आणि सगळे चित्र त्या बिजागरीवर चालते. वरचा त्रिकोण जरा कलला की माणूस ओझे उचलतो, पुरता झुकला की भात लावतो. एकाच कोनात वाकलेल्या दहा बायांची ओळ पाहिली की चेहऱ्याची उणीव भासत नाही. दिवसभर वाकून राहणे म्हणजे काय ते कंबरच सांगते. म्हसे यांच्या जाळ्याच्या चित्रांत तर सगळा पट बारीक गाठींनी भरून जातो आणि कोळी एका कडेला टिचभर उरतो. काम माणसाहून केवढे मोठे असते, हे इतक्या थोड्या साधनांत सांगणारी भारतीय चित्रे फार नाहीत.

मग बंड कुठे आहे, असे विचाराल. मे १९४५मध्ये झरीच्या परिषदेला हजारो वारली जमले, वेठ करणार नाही असे ठरले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याच्या गोळीबारात पाच जण मेले. यातले काहीही चौकात नाही, हे खरे. पण चौक दरबारी बखर नव्हे. घटना नोंदवणे हे त्याचे कामच नव्हते. त्याने टिकवली ती श्रमाची नोंद, आणि ज्या श्रमावरून बंड झाले तोच हा श्रम. बाहेरच्या कलावंताला हे दिसतच नाही, असा माझा दावा नाही. रामकिंकर बैज यांचे १९३८चे 'संथाल परिवार' हे शिल्प घरदार घेऊन निघालेल्या कुटुंबाला जो भारदस्तपणा देते, तो कोणी नाकारू नये. फरक इतकाच की संथाल तिथे विषय आहेत आणि इथे वारलीच कर्ते आहेत.

अर्थात हे कर्तेपण सरळ त्यांच्या पदरात पडलेले नाही. चौक लिहिणाऱ्या बाया. १९७६चा राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ची पद्मश्री पुरुषाला. म्हसे यांची थोरवी निर्विवाद आहे, पण कागद आणि पैसा येताच कला घरातल्या भिंतीवरून पुरुषांच्या हाती कशी गेली, यावर आपण समीक्षकांनी फारसे लिहिले नाही. बाजाराचेही तसेच. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी कुर्त्यावरचा तारपा कोणत्या पाड्यातल्या कोणाचा, हे कोणी विचारत नाही. चित्रे साचेबद्ध झाली, अशी तक्रार करताना गिऱ्हाईक नाच मागते आणि भाताची लावणी मागत नाही, हेही सांगायला हवे.

त्या साच्याबाहेर काम चालूच आहे. गंजाडचे राजेश वांगड गौरी गिल यांनी काढलेल्या छायाचित्रांवर थेट रेषा ओढतात; डहाणूच्या उजाड, गप्प दिसणाऱ्या जमिनीवर तिथे घडून गेलेले सारे दाटीने उतरते आणि चित्रावर दोघांचेही नाव असते. वाढवणचे बंदर, बुलेट ट्रेन, मुंबईतल्या आरेचे पाडे: आजच्या वारल्यांची जमीन पुन्हा वादात आहे. अशा वेळी चित्र कोणाचे आणि कोणत्या पाड्यातले, हे नोंदवायला हवे. म्हणून समीक्षकांच्या या परिषदेसमोर माझी एक साधी सूचना आहे. संग्रहालये आणि प्रकाशक 'वारली, पारंपरिक' एवढ्यावर भागवतात. यापुढे आपल्या नियतकालिकांत छापल्या जाणाऱ्या प्रत्येक वारली चित्राखाली चित्रकाराचे किंवा चित्रकर्तीचे नाव, पाडा, साल आणि चित्रात चाललेल्या कामाचे नाव द्यावे. ठरावाचा मसुदा कार्यवाहांकडे दिला आहे. दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा व्हावी.