काटोलचा दगड आणि मिरगाचा पाऊस

मी अमरावतीहून बोलतोय. आजची गोष्ट धमाक्याने सुरू होते.

22 मे 2012, भर उन्हाळ्यातली दुपार. आपल्या वरुडपासून फार लांब नाही ते काटोल, जिल्हा नागपूर. आभाळात मोठ्ठा आवाज झाला आणि दगड पडले. उल्का!

आता विचार करा, दोन-अडीच आठवड्यांवर मिरग आलेला. या दगडांत लोखंड असतं. काळ्या मातीत पावसाचं पाणी लागलं की ते गंजायला लागतं, हळूहळू दगडाचं जळकं काळं कवच उतरतं आणि तो धुऱ्यावरच्या इतर दगडांसारखाच दिसायला लागतो. म्हणून वेळेत वेचणं महत्त्वाचं. काटोलचे तुकडे वेळेत हाती आले, जीएसआयच्या शास्त्रज्ञांनी ते तपासले.

पुढे 2021 मध्ये आयआयटी खरगपूरच्या शास्त्रज्ञांना त्यातल्या एका तुकड्यात ब्रिजमनाइट सापडलं. हे खनिज पृथ्वीच्या पोटात 660 किलोमीटरखाली भरपूर आहे, पण तिथवर जाणार कोण? अवकाशातल्या टकरीच्या दाबाने ते या दगडात तयार झालं आणि थेट विदर्भात उतरलं!

आता माझी गोष्ट. आमच्या आबांना वखरताना एक जड काळा दगड सापडला होता. "आभायातून पडला बाप्पा," म्हणत त्यांनी तो तुळशीजवळ ठेवला. दरवर्षी शेंदूर. आबा गेल्यावर मी त्याला चुंबक लावलं. हलकंसं चिकटलं! मी तर हवेतच. कॉलेजातल्या भूगोलाच्या सरांकडे नेला. कोपरा तुटला होता, तिथे बारीक छिद्रं. सर म्हणाले, "बेसाल्ट आहे. आपल्या बेसाल्टलाही चुंबक चिकटतं."

वाईट वाटलं. पण सरांच्या पुढच्या प्रश्नाने जास्त लागलं. "कोणत्या वावरात सापडला? कधी?" आबांना मी हे कधी विचारलंच नव्हतं. दगड खरा निघाला असता, तरी त्याचा पत्ता आबांसोबतच गेला होता.

म्हणून राजेहो, असा दगड दिसला तर उचलण्याआधी जागेवरच फोटो काढा, लोकेशन आणि तारीख जपून ठेवा. धुवू नका, शेंदूर नको, चुंबकही नको. त्याने दगडातली जुनी चुंबकीय खूण पुसली जाते. कोरड्या पिशवीत ठेवा आणि जीएसआयला कळवा.

आणि घरात कोणी आबा असतील, तर आजच विचारून घ्या. भेटू पुढच्या भागात!