राजवाड्यातील सामान्य माणसे

दिल्लीत इंडिया गेटच्या जवळ जयपूर हाऊस नावाची एक वास्तू आहे. चार्ल्स ब्लोमफिल्ड या वास्तुशिल्पज्ञाने १९३६ साली जयपूरच्या महाराजांसाठी तो प्रासाद उभारला. मध्यभागी घुमट आणि दोहो बाजूंस पंखांप्रमाणे पसरलेली दालने, अशी त्याची रचना. २९ मार्च १९५४ रोजी उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे तेथे उद्घाटन झाले. राजाचा वाडा राष्ट्राचा झाला. पण त्यात वस्तीला आले कोण? या प्रश्नाचे उत्तर तेथील काही निवडक कलाकृतींतून आज शोधावयाचे आहे.

प्रथम अमृता शेरगिल यांचे ‘तीन मुली’ हे चित्र पाहू. वडील पंजाबातील शीख, आई हंगेरियन, चित्रकलेचे शिक्षण पॅरिसचे. तेथून १९३४ साली त्या भारतात परतल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांनी हे तैलचित्र रंगविले. तीन तरुण मुली एकमेकींना खेटून बसल्या आहेत. वस्त्रे रंगीत आहेत, परंतु मुखावर उल्हास नाही. एकीचीही दृष्टी आपल्याकडे वळत नाही. जे भाळी येईल ते मुकाट्याने सोसावयाचे, असा भाव त्या खाली वळलेल्या नजरांत आहे. बॉम्बे आर्ट सोसायटीने १९३७ साली या चित्रास सुवर्णपदक दिले. त्याच सुमारास अमृताबाईंनी अजिंठ्याची लेणी पाहिली आणि त्या दक्षिणेत गेल्या. त्या प्रवासानंतरच्या ‘ब्रह्मचारी’ या चित्रातील आकृतींचे भारदस्त स्थैर्य पाहताना अजिंठ्याच्या भिंतींची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १९४१ साली, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्या निवर्तल्या. त्यांची शंभराहून अधिक चित्रे या संग्रहालयात आहेत.

अजिंठ्याचे हेच ऋण नंदलाल बसूंवरही होते. लेडी हेरिंगहॅम यांच्या पथकाबरोबर तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करावयास ते तरुणपणी गेले होते. पुढे १९३८ साली गुजरातेतील हरिपुरा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी मंडप सजविण्यासाठी चित्रफलक तयार केले. साधा हातकागद आणि मातीचे रंग एवढीच सामग्री. त्यांवर आले कोण? जमीन नांगरणारा शेतकरी, ढाक वाजविणारा वादक, वीणेत रमलेला गायक, भात कांडणारी स्त्री. अधिवेशनाला येणाऱ्या खेडुतांनी जाता-येता पाहावे म्हणून काढलेली ती चित्रे आज राष्ट्राचा ठेवा म्हणून जपली जातात.

संग्रहालयाच्या प्रांगणात देवीप्रसाद रायचौधुरी यांचे ‘श्रमाचा विजय’ हे शिल्प आहे. चार मजूर सारे बळ एकवटून एक प्रचंड शिळा हलवीत आहेत. ताणलेल्या पाठी आणि रोवलेले पाय यांतून तिचे वजन पाहणाराच्या अंगात उतरते. याच कल्पनेचे शिल्प मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर १९५९ साली उभे राहिले. सेनापतीच्या अश्वारूढ पुतळ्याला शोभणारी भव्यता शिल्पकाराने येथे अनामिक कष्टकऱ्यांना दिली आहे.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे की, राजवाड्यात वस्तीला आली ती आपलीच माणसे. तरीही ‘चित्रातले आम्हांला काय कळणार?’ असे म्हणून पुष्कळजण अशा दारावरून पुढे जातात. जिने भात कांडले, ज्याने शिळा हलविली, त्यांच्याच घरच्या माणसांस तेथे परके वाटावे, ही खेदाची गोष्ट होय. १९७२ च्या कायद्याखाली अमृता शेरगिल आणि नंदलाल बसू यांच्या कृती राष्ट्रीय कलानिधी ठरल्या असून त्या देशाबाहेर विकावयास नेता येत नाहीत. कायदा चित्र देशात राखू शकतो. ते लोकांच्या मनात राखणे कायद्याच्या हाती नाही. त्यासाठी आपण होऊनच त्या चित्रांसमोर जाऊन उभे राहिले पाहिजे. दिल्लीस गेलात तर एक सकाळ त्यांच्यासाठी राखून ठेवा आणि मुलांना बरोबर न्या. तेथे पांडित्याची गरज नाही. ‘ही माणसे कोण?’ एवढे मुलांनी विचारले आणि आपण त्यांना सांगू शकलो, तरी पुष्कळ झाले.