खडक पाण्यावर का तरंगतात?



हिवाळ्यातल्या सकाळी भोगव्याच्या किनाऱ्यावरून कयाक पाण्यात घातलीत, तर निवतीसमोरच्या समुद्रातल्या खडकांकडे नीट बघा. कधी कधी ते पाण्यापासून सुटून वर उचलल्यासारखे दिसतात. खाली आकाशाची बारीकशी फट.

रात्रभर जमिनीवरून आलेला मतलई वारा गार असतो, समुद्र मात्र जानेवारीतही कोमट. पाण्याला टेकलेली हवा त्यामुळे तापून विरळ होते, वरची गार आणि दाट राहते. खडकावरून तिरके खाली येणारे किरण या विरळ थरात शिरले की वर वळतात. मग खडकाखाली त्याचीच उलटी प्रतिमा दिसते, तिच्याखाली आकाश, आणि खरा पायथा मधल्यामध्ये गायब! उन्हात डांबरी रस्त्यावर दिसतं ते मृगजळही याच जातीचं.

कयाकमध्ये बसणाऱ्याला हा खेळ फार चांगला दिसतो, कारण त्याचा डोळा पाण्यापासून मीटरभरही वर नसतो. मान खाली घातली की फट रुंदावते, ताठ बसलं की मिटत जाते. मोठ्या जहाजाच्या डेकवरून पुष्कळदा यातलं काहीच दिसणार नाही. मात्र एवढ्या खालून क्षितिजही जवळ येतं, जेमतेम साडेतीन किलोमीटरवर. त्यापलीकडच्या ट्रॉलरची नुसती केबिन दिसते. अंतराचा अंदाज डोळ्यांवर सोडू नये, नकाशा आणि होकायंत्र जवळ असावं.

थंड पाण्यावर उबदार हवा आली, की उलटा प्रकार होतो: दूरचं बर्फ, किनारे ताणून उंच दिसतात. १८१८ मध्ये ब्रिटिश नौदलाचा जॉन रॉस कॅनडाच्या उत्तरेला लँकेस्टर साउंडमध्ये शिरला, तर समोर डोंगररांग वाट अडवून उभी! त्याने तिला नौदल खात्याच्या सचिवाचं, क्रोकरसाहेबांचं नाव दिलं आणि जहाजं माघारी वळवली. पुढच्याच वर्षी त्याच नौदलाचा पॅरी त्या ‘डोंगरां’तून थेट पार गेला. साहेबाच्या नावाचा डोंगरच हवेत विरावा, याहून वाईट ते काय!

आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचा सूर्यास्तही असाच फसवा. सूर्याची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते, तेव्हा खरा सूर्य अख्खाच्या अख्खा क्षितिजाखाली गेलेला असतो. क्षितिजापाशी वातावरण प्रकाशाला सुमारे ३४ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वाकवतं आणि सूर्याचा व्यास आहे ३२ कला. हवा अगदी स्वच्छ असेल, तर शेवटची कड क्षणभर हिरवी चमकते. ती बघायला कयाकवर थांबणार असाल, तर विजेरी बरोबर घ्या. अंधारात ट्रॉलरवाल्याला तुम्ही दिसत नाही.